मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं: न्यायालयात नेमकं काय चालतं?

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिनोन्महिने डॉक्टर नाही. राज्यघटनेचं कलम ४७ सांगतं की लोकांचं पोषणमान आणि राहणीमान उंचावणं, सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे सरकारनं आपल्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानावं. मग हे कलम दाखवून उच्च न्यायालयात जाता येईल का? नुसत्या कलम ४७ वर उभी केलेली याचिका टिकणार नाही. तीच तक्रार कलम २१ खाली, म्हणजे जीविताच्या हक्काखाली मांडली आणि कलम ४७ तिच्या आधाराला जोडलं, तर तिला न्यायालयात पाय ठेवायला जागा मिळते. कलम ४७ हे मार्गदर्शक तत्त्व आहे आणि कलम २१ हा मूलभूत हक्क.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा फरक दोन ओळींत संपतो: हक्कांसाठी न्यायालयात दाद मागता येते, तत्त्वांसाठी मागता येत नाही. हे खरं आहे. पण त्यावरून बहुतेक जण असं धरून चालतात की तत्त्वं म्हणजे घटनेतली शोभेची वाक्यं. ते मात्र चूक आहे. शाळेतलं मोफत शिक्षण, प्रसूती रजा, ग्रामपंचायतीच्या नियमित निवडणुका, गरिबाला मिळणारा सरकारी खर्चाचा वकील या सगळ्यांची मुळं मार्गदर्शक तत्त्वांतच आहेत. तत्त्व न्यायालयापर्यंत पोहोचतं, पण स्वतःच्या नावानं नाही. ते एखाद्या कायद्यातून किंवा एखाद्या मूलभूत हक्कातून पोहोचतं. हा रस्ता माहीत असणं, ही या विषयातली सगळ्यांत कामाची गोष्ट आहे.

घटनेत काय लिहिलं आहे

मूलभूत हक्क घटनेच्या तिसऱ्या भागात आहेत, कलम १२ ते ३५. मार्गदर्शक तत्त्वं चौथ्या भागात, कलम ३६ ते ५१. नंतर घातलेल्या कलमांना अक्षर जोडतात. शासकीय मराठी प्रतीत २१क, ३९क असं छापलेलं कलम बातम्यांत २१ अ, ३९ अ असं दिसतं. दोन्ही एकच.

हक्कांना दात देणारी कलमं दोन. कलम १३ नुसार मूलभूत हक्काशी विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता शून्यवत ठरतो. कलम ३२ नुसार हक्कभंग झालेल्याला थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं आणि हे जाणं हाच एक मूलभूत हक्क आहे. डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं.

तत्त्वांसाठी कलम ३७ आहे, आणि ते पूर्ण वाचलं पाहिजे, कारण लोक त्याचा पहिलाच भाग लक्षात ठेवतात. पहिला भाग म्हणतो, या तरतुदी कोणत्याही न्यायालयाकरवी अंमलात आणता येणार नाहीत. पुढचा भाग म्हणतो, तरीही ही तत्त्वं देशाच्या कारभारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे. इथे ‘राज्य’ म्हणजे महाराष्ट्र किंवा गोवा एवढंच नव्हे. केंद्र सरकार, संसद, राज्य सरकारं, विधिमंडळं, महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत हे सगळे त्यात येतात. कलम १२ मधली ही व्याख्याच कलम ३६ नं तत्त्वांसाठी उचलली आहे.

हक्क बहुतांशी सरकारला अडवतात: भेदभाव करू नका, कायद्यानं ठरलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचं स्वातंत्र्य हिरावू नका, अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करा. तत्त्वं सरकारला कामाला लावतात: शिकवा, वैद्यकीय सोय करा, काम द्या, संपत्तीचं केंद्रीकरण होऊ देऊ नका. पण ही रेघ अगदी सरळ नाही. कलम २१क हा हक्क असूनही सरकारला काम सांगतो. अस्पृश्यता (कलम १७), वेठबिगारी (कलम २३) आणि धोक्याच्या कामावर १४ वर्षांखालचं मूल ठेवणं (कलम २४) या मनाया खासगी माणसालाही लागू आहेत.

आणखी एक गोष्ट नेहमी निसटते. सगळे मूलभूत हक्क फक्त भारतीय नागरिकांचे नाहीत. कलम १५, १६, १९, २९ आणि ३० नागरिकांपुरती आहेत. समानतेचं कलम १४, जीविताचं कलम २१, अटकेबाबतचं कलम २२ भारतात असलेल्या कोणत्याही व्यक्तीला लागू होतं, मग ती परदेशी का असेना. परदेशी पारपत्र घेतलेल्या मराठी माणसालाही इथे आल्यावर कलम २१ चं संरक्षण आहे. कलम १९ चं भाषणस्वातंत्र्य मात्र तो हक्क म्हणून मागू शकत नाही.

दोन भाग का केले?

१९४७ मध्ये मूलभूत हक्क उपसमितीपुढे प्रश्न होता तो पैशाचा. एखाद्याला बोलू द्यायला सरकारला फारसा खर्च येत नाही. देशातल्या प्रत्येक मुलाला शाळा द्यायची तर इमारती, शिक्षक आणि पैसा लागतो आणि तो नव्या सरकारकडे नव्हता. घटनाविषयक सल्लागार बी. एन. राव यांनी दावा करता येण्याजोगे हक्क वेगळे आणि तसे नसलेले वेगळे ठेवायचा सल्ला दिला. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेचा नमुना समोर होताच. संविधान सभेचे सदस्य के. टी. शाह यांना हे पटलं नव्हतं. बँक स्वतःला जमेल तेव्हा पैसे देईल असा हा चेक आहे, अशी त्यांची टीका होती.

मसुद्याची बाजू मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी दिलेलं उत्तर आजही वाचावं असं आहे. ब्रिटिश काळातल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली गव्हर्नरांना सूचनापत्रं दिली जात. ही तत्त्वं म्हणजे कायदेमंडळाला आणि सरकारला दिलेलं तसं सूचनापत्र, असं ते म्हणाले. सत्तेवर येणाऱ्याला मनाला येईल तसं वागता येणार नाही, तत्त्वांचा मान राखावा लागेल. तो मोडला तर न्यायालयात जाब द्यावा लागणार नाही कदाचित, पण निवडणुकीत मतदारांपुढे द्यावाच लागेल. म्हणजे तत्त्वांचा पहिला पहारेकरी मतदार आहे. उमेदवाराला कलम ४१ किंवा ४७ बद्दल काय केलंत, असं विचारणारे मतदार फार थोडे दिसतात, आणि ही उणीव कायद्यानं भरून निघणारी नाही.

भिडतात तेव्हा

हक्क आणि तत्त्व समोरासमोर आले तर कोण जिंकतं? उत्तर तीसेक वर्षांत तीनदा बदललं.

पहिली चकमक १९५१ ची. मद्रास सरकारच्या आदेशानं वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या दर १४ जागा जातीधर्मानुसार वाटल्या होत्या: ब्राह्मणेतर हिंदू ६, मागास हिंदू २, ब्राह्मण २, हरिजन २, अँग्लो इंडियन व भारतीय ख्रिश्चन १, मुस्लिम १. सरकार म्हणालं, दुर्बल घटकांच्या शिक्षणाची काळजी घ्या असं कलम ४६ सांगतं. सर्वोच्च न्यायालयानं चंपकम दोराईराजन खटल्यात आदेश रद्द केला. कलम २९(२) जातीच्या कारणावरून प्रवेश नाकारायला मनाई करतं आणि तत्त्वांनी हक्कांच्या पायरीखाली राहिलं पाहिजे, असा निकाल. संसदेनं त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून कलम १५(४) घातलं. शिक्षणातल्या आरक्षणाचा घटनात्मक पाया हा. म्हणजे तत्त्व न्यायालयात हरलं आणि घटनादुरुस्तीनं हक्कांच्याच भागात जाऊन बसलं.

दुसरा टप्पा १९७१ चा. २५ व्या घटनादुरुस्तीनं कलम ३१ग आणलं. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचं वाटप सर्वांच्या हिताचं व्हावं हे कलम ३९(ख), आणि संपत्ती मोजक्या हातांत एकवटू नये हे कलम ३९(ग). या दोन तत्त्वांसाठी केलेला कायदा कलम १४ किंवा १९ चा भंग होतो म्हणून रद्द करता येणार नाही, असं ३१ग म्हणतं. त्याला एक शेपूटही होतं: कायदा या तत्त्वांसाठीच आहे असं त्यात नुसतं जाहीर केलं की न्यायालयानं तपासायचंच नाही. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात १३ न्यायमूर्तींच्या पीठानं पहिला भाग टिकवला आणि हे शेपूट कापलं. कायदा खरोखर त्या तत्त्वाशी जोडलेला आहे का, हे न्यायालय बघणारच.

१९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं हे संरक्षण दोन तत्त्वांवरून चौथ्या भागातल्या सगळ्याच तत्त्वांना बहाल केलं. तसं झालं असतं तर जवळपास कोणताही कायदा एखाद्या तत्त्वाचं नाव घेऊन समानता आणि स्वातंत्र्याच्या कसोटीतून सुटला असता. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालात ही वाढ बहुमतानं घटनाबाह्य ठरली. सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड. त्यांनी लिहिलं त्याचा गाभा असा: तिसरा आणि चौथा भाग यांच्यातल्या समतोलावर घटना उभी आहे, एकाला दुसऱ्यावर सर्वस्वी कुरघोडी करू दिली तर घटनेचा मेळच बिघडतो. तत्त्वांनी सांगितलेलं ध्येय गाठायचं, पण हक्क तुडवून नव्हे. आजही हीच मांडणी मान्य आहे.

स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी इथे हमखास अडकतात. घटनेची छापील प्रत उघडली तर कलम ३१ग मध्ये अजूनही ४२ व्या दुरुस्तीचे शब्द, म्हणजे ‘चौथ्या भागातली सर्व किंवा कोणतीही तत्त्वं’, दिसतात. ते रद्द झाल्याचं खालच्या टिपेत असतं. लागू आहे ते फक्त ३९(ख) आणि ३९(ग) पुरतं.

मुंबईच्या जुन्या इमारती आणि नऊ न्यायमूर्ती

ही चर्चा हवेतली वाटत असेल तर गिरगाव, भुलेश्वर, लालबागच्या उपकरप्राप्त इमारतींकडे बघा. पागडीची घरं, नाममात्र भाडं, त्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस नाही, आणि दर पावसाळ्यात पडझड. अशा इमारतींवर उपकर लावून त्यातून दुरुस्ती करायची व्यवस्था आधीपासून होती. ती पुरेना म्हणून १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात प्रकरण आठ-अ घातलं. इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली तर इमारत जमिनीसह संपादित करून संस्थेला देता येईल, आणि मालकाला मोबदला मासिक भाड्याच्या शंभरपट. भाडं शंभर रुपये असेल तर दहा हजार. दक्षिण मुंबईतल्या जमिनीसाठी! हा कायदा कलम ३९(ख) च्या पूर्ततेसाठी आहे, अशी घोषणाही कायद्यातच केली गेली, म्हणजे ३१ग चं कवच मिळावं.

मालकांच्या संघटनेनं आव्हान दिलं. उच्च न्यायालयात ते फेटाळलं गेल्यावर १९९२ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं, आणि तिथे पाच, मग सात, मग नऊ न्यायमूर्तींकडे वर सरकत गेलं. प्रश्न एका वाक्याचा होता: खासगी मालकीची मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ आहे का? न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये आपल्या स्वतंत्र मतात ‘हो, सगळीच’ असं म्हटलं होतं आणि पुढचे निकाल त्या वाटेनं गेले होते.

५ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर आलं. प्रत्येक खासगी मालमत्ता त्यात येत नाही. काही येऊ शकतात. कोणती, हे ठरवताना त्या साधनाचं स्वरूप, समाजहिताशी त्याचा संबंध, त्याची टंचाई आणि ते खासगी हातांत एकवटल्याचे परिणाम बघायचे. बहुमताचा निकाल लिहिणारे तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड हे यशवंत चंद्रचूडांचे चिरंजीव. मिनर्व्हा मिल्सनं वाढीव शब्द रद्द केल्यावर मूळचं ३१ग जिवंत राहिलं की तेही गेलं, हा जुना वादही याच निकालात मिटला: जिवंत आहे. रहिवाशांच्या दृष्टीनं पाहिलं तर पडक्या घरात जीव मुठीत धरून राहणं हाही जगण्याच्या हक्काचाच प्रश्न आहे, आणि शंभरपट भाड्याचा मोबदला हा मालकावर अन्याय वाटणंही रास्त आहे. मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिलेला नाही हे इथे ध्यानात ठेवावं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं तो तिसऱ्या भागातून काढून कलम ३००क मध्ये ठेवला.

तत्त्व हक्कात कसं शिरतं

खरी हालचाल कलम २१ मध्ये झाली. ‘जीवित’ म्हणजे नुसता श्वास नव्हे, माणूस म्हणून जगणं, असा अर्थ न्यायालयं १९७८ नंतर लावू लागली. मग माणूस म्हणून जगायला काय लागतं, हे ठरवायला चौथा भाग हाताशी होता.

जुलै १९८१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवून मूळ गावी धाडण्याची घोषणा केली. ऐन पावसाळ्यात. प्रकरण ऑल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका या नावानं सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १० जुलै १९८५ रोजी पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. युक्तिवादाच्या पायऱ्या बघण्यासारख्या आहेत. कलम ३९(क) म्हणतं, उपजीविकेचं पुरेसं साधन मिळावं. कलम ४१ म्हणतं, कामाचा हक्क मिळवून द्यावा. ही दोन्ही तत्त्वं, दावा करता न येणारी. पण कलम ३७ त्यांना कारभारात मूलभूत म्हणतं, तर जीविताच्या हक्काचा अर्थ लावताना ती बाजूला कशी ठेवायची? उपजीविका काढून घेतली तर जीवितच काढून घेतलं जातं. म्हणून उपजीविकेचा हक्क कलम २१ मध्ये आला.

पुढचा भाग लोक सांगायचा विसरतात. फूटपाथवर राहायचा हक्क न्यायालयानं दिला नाही. महापालिकेचा हटवायचा अधिकार कायम राहिला. फक्त सर्वसाधारणपणे आधी नोटीस देऊन म्हणणं ऐकावं, १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, कोणाला हलवू नये, असं ठरलं. तत्त्वाच्या आधारानं सहसा मिळतं ते असं: सरकारला हात बांधून बसवणारा आदेश नव्हे, तर काम कायद्यानं, सूचना देऊन आणि माणुसकीनं करण्याची सक्ती.

शिक्षणाचा प्रवास तर टप्प्याटप्प्यानं मोजता येतो. मूळच्या कलम ४५ नं १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण दहा वर्षांत द्यायला सांगितलं होतं. चौथ्या भागात मुदत घातलेलं हे एकमेव तत्त्व. १९६० उलटलं, काही झालं नाही आणि कोणाला दादही मागता आली नाही. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कलम २१ सोबत ४१ आणि ४५ वाचून १४ वर्षांपर्यंतचं शिक्षण हा हक्क असल्याचं सांगितलं. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनं कलम २१क आलं, वय ६ ते १४. कलम ४५ ची जागा सहा वर्षांखालच्या मुलांची काळजी आणि शिक्षण यांनी घेतली. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

तत्त्व हक्क झालं की काय फरक पडतो? महाराष्ट्र सरकारनं ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलले: सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांसाठीच्या २५ टक्के जागांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हात घातला नाही. मूळ कायदा आणि कलम २१क यांच्या विरोधात दुय्यम नियम उभा राहू शकत नाही. १९६० साली तीच मुलं, तेच शिक्षण, पण न्यायालयाचं दार बंद होतं. २०२४ मध्ये एका शैक्षणिक वर्षाच्या आत निर्णय फिरला.

कायद्याचा रस्ता

प्रत्येक तत्त्व मूलभूत हक्क होत नाही आणि व्हायलाही नको. बहुतेक तत्त्वं साध्या कायद्यातून खाली येतात. कलम ४० मधली ग्रामपंचायत ७३ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून सक्तीची झाली. कलम ४२ मधून प्रसूती लाभ कायदा, आज पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा. कलम ३९क मधून विधी सेवा प्राधिकरण कायदा.

महाराष्ट्रानं यात देशाला दिलेला धडा म्हणजे रोजगार हमी. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेला १९७२ च्या दुष्काळात बळ आलं आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. कलम ४१ मधलं काम मागण्याचं तत्त्व इथे मागणी नोंदवणाऱ्या ग्रामीण प्रौढाचा कायदेशीर हक्क झालं: मागणीनंतर ठरावीक दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पैसा कुठून आणायचा, हा १९४७ मधला प्रश्न इथेही होता. त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो हाच. देशपातळीवरचा २००५ चा रोजगार हमी कायदा याच वाटेवरून आला. तत्त्वाला कायदा आणि स्वतंत्र पैसा दोन्ही मिळाले की ते चालू लागतं. नुसता कायदा मिळाला तर पुष्कळदा कागदावरच राहतं.

काही तत्त्वं सरकारच्या इच्छेवर सोडलेली आहेत. समान नागरी संहितेचं कलम ४४ त्यातलं ठळक. १९८५ च्या शाहबानो निकालात न्यायालयानं ते कलम निर्जीव होऊन पडल्याची खंत व्यक्त केली, पण कायदा करा असा आदेश दिला नाही, कारण तसा देता येतच नाही. गोव्यात समान कायदा आहे तो पोर्तुगीज काळातल्या १८६७ च्या नागरी संहितेतून आलेला, कलम ४४ मुळे झालेला नव्हे.

तत्त्वं नेहमी नागरिकाच्याच बाजूनं वापरली जातात असंही नाही. हक्कांवरचा निर्बंध वाजवी आहे का, हे तपासताना सरकार त्यांचा आधार घेतं. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याला आव्हान मिळालं तेव्हा १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कलम ४७ लक्षात घेऊन कायद्याचा मोठा भाग टिकवला. मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं यांवरची बंधनं मात्र रद्द केली.

तक्रार कशी मांडावी

समजा जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ७५ मुलं आहेत आणि शिक्षक एकच. ‘सरकारनं शिक्षणाची काळजी घ्यावी’ अशी मागणी न्यायालयात टिकत नाही. आधी कायदा शोधायचा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असं कोष्टक आहे. म्हणजे या शाळेला तीन शिक्षक हवेत, दोन कमी आहेत. हा आकडा हाताशी आला की तक्रार धोरणाची राहत नाही, कायदेभंगाची होते.

मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी निवेदन द्यायचं आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. मंजूर पदं किती, भरलेली किती, हे माहिती अधिकारात मागायचं. उत्तराची मुदत ३० दिवस. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली (घटनेच्या नव्हे) स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते, ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते आणि पुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. एवढं करूनही काही हललं नाही, तर कलम २२६ खाली उच्च न्यायालय. मागायचा तो महादेश, वकिलांच्या बोलीत मॅन्डेमस: अमुक अधिकाऱ्यानं अमुक तारखेपर्यंत दोन पदं भरावीत आणि पूर्तता अहवाल द्यावा. याचिकेत कलम २१क आणि कायद्याची अनुसूची पुढे ठेवायची. ४१, ४६ सारखी तत्त्वं अर्थ लावायला मागे.

याचिका फेटाळल्या जातात त्याची कारणं ठरलेली असतात. आधी लेखी मागणीच केलेली नसते, त्यामुळे नकारही नसतो. पर्यायी अपील असताना उडी मारलेली असते. घटना होऊन वर्षं लोटलेली असतात आणि उशिराचं कारण दिलेलं नसतं. प्रतिवादी खासगी व्यक्ती असते. साक्षीपुराव्याशिवाय न सुटणारा वाद, उदाहरणार्थ जमिनीचा ताबा नक्की कोणाचा, रिटमध्ये, म्हणजे कलम २२६ खालच्या अशा याचिकेत, आणलेला असतो. आणि सगळ्यांत वारंवार होणारी चूक म्हणजे सरकारला कायदा करायला लावा अशी मागणी. ती कोणतंही न्यायालय मान्य करत नाही.

कलम ३२ खाली थेट दिल्ली गाठता येते हे खरं, पण सर्वोच्च न्यायालय बहुतेकदा आधी उच्च न्यायालयात जा असं सांगतं. कलम २२६ ची व्याप्तीही मोठी आहे. मूलभूत हक्कांसाठी ते आहेच, शिवाय कायद्यानं दिलेल्या इतर हक्कांसाठीही आहे, आणि तत्त्वांतून उतरलेले बहुतेक हक्क याच दुसऱ्या प्रकारचे असतात. मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात खंडपीठं आहेत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची कामं तिथे चालतात.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर कलम ३९क मधून आलेली सोय वापरावी. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, कोठडीत असलेले, औद्योगिक कामगार आणि आपत्तीग्रस्त यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. इतरांना राज्यानं ठरवलेली उत्पन्नमर्यादा लागू होते. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. उच्च न्यायालयातल्या कामासाठी तिथली वेगळी समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करून आपल्या जवळचं कार्यालय कोणतं ते विचारता येतं. जाताना निवेदनाची शिक्का मारलेली प्रत आणि माहिती अधिकारातलं उत्तर सोबत न्यावं, कारण वकील पहिल्यांदा तेच मागेल.